घे म्हटल्याशिवाय उठायचं नाही

१

माझा नवरा रोज संध्याकाळी सात ते आठ खेळतो. एक तास. आठ वाजले की कुणी हाक न मारता उठतो आणि जेवायला येतो. हे मी चारचौघांत सांगते तेव्हा लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मी वाघाला गवत खायला शिकवलंय.

तो आधी कारखान्यात बॉयलरवर होता. बॉयलरवरच्या माणसाचं काम म्हणजे काचेच्या नळीतल्या पाण्यावर आणि प्रेशरच्या काट्यावर नजर ठेवून बसणं. डुलकी नाही, गप्पा नाहीत. एके दिवशी हा महाभाग मोबाईलवरच्या खेळात स्वतःचा किल्ला राखत बसला आणि इकडे नळीतलं पाणी दिसेनासं झालं. दुसऱ्या पाळीच्या माणसाने धावत येऊन आग बंद केली म्हणून कारखाना जागेवर राहिला. याला बॉयलरवरून उचलून स्टोअरमध्ये नटबोल्ट द्यायला बसवलं. त्यानंतरही सुधारणा शून्य. मोबाईलवरून कॉम्प्युटरवर गेला, एवढाच फरक. दाढी वाढलेली, डोळे तांबडे, मुलगी समोर उभी राहून बोलतेय आणि हा तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघतोय.

मी स्पष्ट सांगितलं की आता पुन्हा मर्यादा सोडलीस तर टिकलीला घेऊन मी निघाले. टिकली म्हणजे आमची मुलगी, तिसरीत आहे. मी निघाले असतेच. पण मला निघायचं नव्हतं. मला हाच माणूस हवा होता, फक्त त्या यंत्राशिवाय.

मग समुपदेशक बाई आल्या. गोड आवाज, टेबलावर कुंडी. म्हणाल्या, "एकदम बंद केलं की माणूस चोरून खेळतो. त्यापेक्षा थोडं खेळू द्या, ठरलेल्या वेळी, दार उघडं ठेवून. मर्यादा ही शिकायची गोष्ट आहे."

"बुडणाऱ्याला रोज थोडं थोडं बुडू द्या, असंच ना?" मी म्हटलं.

बाई हसल्या. नवरा हसला नाही, तो मान डोलावत होता. आणि खरं सांगते, त्याने ते करून दाखवलं. मधल्या खोलीत कॉम्प्युटर, दार सताड उघडं, सात ते आठ. मला एकदाही ओरडावं लागलं नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. कुत्र्याचं शेपूट इतक्या सहजी सरळ होत नाही.

२

माझं काम कान तपासण्याचं. दवाखाना संध्याकाळी बंद होतो, मी घरी पोचते तेव्हा नवऱ्याच्या खेळाचा शेवटचा भाग चालू असतो. मी पर्स टांगते, पाणी पिते, आणि दारात उभी राहून तो उठतो की नाही ते बघते. पोलीसगिरी म्हणा हवं तर.

खेळ तसा कंटाळवाणाच. एका बुरुजावर पहारेकरी, आणि खाली अंधारात काहीतरी सतत हलतंय. पहारेकऱ्याने जागा सोडली की खालचं वर येतं. बाकी बुरुजांवर बाकीचे खेळाडू, कुठल्या कुठल्या देशांतले.

त्या दिवशी आठ वाजले आणि तो बसल्या बसल्या म्हणाला, "पाणी बरोबर, प्रेशर बरोबर. घे."

मग थांबला. कुणाचं तरी ऐकल्यासारखी मान हलवली आणि उठला.

"कुणाला देतोस रे?" मी विचारलं.

तो जरा ओशाळला. "बॉयलरवरची सवय. तिथे पुढच्या पाळीचा रिलिव्हर समोर आल्याशिवाय खुर्ची सोडत नाहीत. उठणाऱ्याने 'घे' म्हणायचं आणि येणाऱ्याने 'घेतलं'. त्याने 'घेतलं' म्हटलं की जबाबदारी त्याची, मग आभाळ कोसळलं तरी त्यानेच बसायचं. ते ऐकल्याशिवाय माझं बूड उचलतच नाही."

"आणि इथे 'घेतलं' कोण म्हणतं? हे टेबल?"

"टीममधला आहे एक. मी उठलो की तो माझ्या बुरुजावर बसतो. म्हणून तर मला उठता येतं. जागा राखली जाते."

"नाव काय त्याचं?"

"रिलिव्हरला कोण नाव विचारतं? तो आला, हे बास."

मला ते पटलं. हेडफोनमध्ये कुणीतरी बोलत असेल, जगात रिकामटेकड्यांना तोटा नाही. मी स्वयंपाकघरात गेले. तिथे टिकली टेबलाशी बसून शाळेचा कसलासा व्हिडिओ बघत होती आणि तिच्या डोक्यावर नवऱ्याचे हेडफोन होते.

"हे कधीपासून आहेत तुझ्याकडे?"

"कधीचेच. बाबाला लागत नाहीत," ती म्हणाली.

३

ऐकू येण्याबद्दल मला चार गोष्टी कळतात. दवाखान्यात एक लहानशी बंद खोली आहे, जाड दारांची, बाहेरचा आवाज आत न जाणारी. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. मी काचेबाहेरून आवाज सोडते. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, म्हणजे माझ्यासमोर दिवा लागतो. मधूनच मी मुद्दाम काहीच सोडत नाही, आणि तरी लोक बटण दाबतात. निम्मे लोक. खोटं बोलत नसतात बिचारे. शांतता फार झाली की कान स्वतःच काहीतरी तयार करतात.

म्हणून मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. नवरा उठल्यावर ती खुर्ची फुस्स करते, चाकाची, खालीवर होणारी खुर्ची आहे. वजन गेलं की बोटभर वर येते. ते ठीक. पण त्यानंतर लगेच ती पुन्हा फुस्स करायची आणि तेवढीच खाली जायची. मी म्हटलं, जुनी झालीय. चाकांचा हलका करकर आवाज यायचा, टेबलाजवळ सरकल्यासारखा. मी म्हटलं, फरशीला उतार आहे. कॉम्प्युटर रात्रंदिवस चालूच असायचा. बंद केला तर जागा जाते, असं तो म्हणायचा. जाता येता मी बघायची तर पडद्यावर पहारेकरी बुरुजावर येरझाऱ्या घालतोय, एकटा. मी म्हटलं, खेळच तसा असेल.

इतकी कारणं मी माझ्या आयुष्यात कुणाला दिली नव्हती. शेवटी वैतागून ठरवलं की दवाखान्यात करते तेच इथे करायचं. त्याच्या वेळापत्रकाबाहेरचा आवाज सोडायचा आणि तो काय करतो ते बघायचं.

साडेसातच्या सुमारास मी जोरात ओरडले, "अरे धाव, टिकली पडली! रक्त येतंय!"

टिकली माझ्या शेजारी उभी होती, तोंडावर हात दाबून हसत होती. आमचं आधीच ठरलं होतं.

मी मधल्या खोलीत डोकावले. तो उठायला बघत होता. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, कपाळावरून घाम. पाय फरशीवर घासत होते. पण बूड जागचं हलत नव्हतं. "पाणी बरोबर," तो पुटपुटत होता, "प्रेशर बरोबर, घे, घे, अरे घे ना लवकर, पोरगी पडलीय माझी."

मग त्याची मान हलली आणि तो सुटला. इतक्या जोरात की दाराच्या चौकटीवर आपटला.

टिकलीचं हसू केव्हाच थांबलं होतं. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून तिचे हात, कोपरं, डोकं तपासत राहिला, आणि थट्टा होती हे मी सांगितल्यावर माझ्याकडे त्याने जे बघितलं त्यात राग नव्हता. लाज होती. मला ते फार लागलं. बाप स्वतःच्या पोरीसाठीसुद्धा परवानगी घेऊन उठतो, हे आम्हां तिघांनाही कळलं होतं.

४

त्यानंतर थोड्याच दिवसांनी टिकलीची गणिताची वही चाळत होते. भागाकार. कालपर्यंत जिला भागाकार म्हटलं की पोटात दुखायचं, तिचं सगळं बरोबर. समासात नेटक्या खुणासुद्धा.

"कोणी शिकवलं ग?"

"बाबाने."

"केव्हा?"

"रोज. तू यायच्या आधी. सात वाजता."

"सातला बाबा खेळतो ना?"

"हो," ती म्हणाली. "तेव्हाच."

पोरीला त्यात काहीच खटकत नव्हतं. मी आवाज चढवला नाही. तेवढी अक्कल होती मला. कांदा चिरता चिरता सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग मधल्या खोलीत कोण असतं?"

"बाबा."

"आणि इथे?"

"बाबाच. पण इथला चिडत नाही. माझं सगळं ऐकून घेतो. आई, तू त्याला सांगू नकोस हं मी सांगितलं म्हणून."

सुरी मी खाली ठेवली. त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर नवरा बादलीत कपडे भिजवत होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"एक सांग. तू सातला जाऊन बसतोस तेव्हा तुझा तो रिलिव्हर सुटतो. बरोबर?"

"हो."

"मग तो तासभर जातो कुठे?"

"कुठे म्हणजे?" तो हसत म्हणाला. "ड्युटी संपली की माणूस कुठे जातो? घरी जातो."

म्हणाला आणि त्याचं हसू तिथेच राहिलं. हातातला शर्ट ठिबकत होता. मी वाट बघत होते की तो म्हणेल, छे, काहीतरीच. तो म्हणाला नाही.

५

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून लवकर निघाले. सात वाजायच्या आत घरी. नवरा मधल्या खोलीत गेला, मी त्याला जाताना डोळ्यांनी बघितलं. त्याचं "घेतलं" ऐकलं. खुर्ची फुस्स. मग मी स्वयंपाकघरात येऊन टिकलीशेजारी बसले आणि हातात निवडायला पालेभाजी घेतली. वेडी बाई भुताची वाट बघत बसलीय असं दिसायला नको होतं, निदान मला तरी.

थोडा वेळ काही नाही. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. मी मनात म्हटलं, झालं, आता ऊठ आणि कुकर लाव.

मग न्हाणीघरातला नळ सुरू झाला.

मी नवऱ्याला हात धुताना लाखदा ऐकलंय. बॉयलरवरचे लोक कोपरापर्यंत धुतात, पाणी आधी मनगटावर, मग पुढे, मग दोन्ही हात झटकायचे. स्टोअरमध्ये गेल्यापासून तो असं धूत नव्हता, गरजच नव्हती. आत कुणीतरी तसं धूत होतं. नळ बंद झाला. टॉवेलची कडी खडखडली. चपला फटक फटक करत आल्या. आणि त्याच वेळी मधल्या खोलीतून नवऱ्याच्या बोटांखाली कळा वाजत होत्या, त्याचा खोकला ऐकू येत होता. दोन्ही आवाज, एकाच माणसाचे, दोन बाजूंनी. माझा एक कान एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे होता, आणि दोन्ही कान चांगले आहेत.

"आई, सरक ना जरा," टिकली म्हणाली. "तू त्याच्या जागेवर बसलीयेस."

मी सरकले. का सरकले, देव जाणे. बाजूला हवा गरम झाली आणि वास आला, कोळशाचा, तेलाचा, तापलेल्या लोखंडाचा. लग्नानंतर कितीतरी वर्षं तो वास रोज माझ्या घरी यायचा आणि मला आवडायचा. मी भाजीकडे बघत राहिले. मान वर केली असती तर काय दिसलं असतं ते मला माहीत नाही. मान वर झाली नाही. टेबलाच्या कडेला फक्त एक कोपर दिसत होतं, ओलं, आणि त्याच्या सुरकुत्यांत न निघालेली काजळी.

"निघ माझ्या घरातून," मी भाजीला म्हटलं.

टिकली रडवेली झाली. "असं काय बोलतेस बाबाला?"

पेन्सिलीचा आवाज येत राहिला, संथ, समजावून सांगत असल्यासारखा. आठला पलीकडून नवरा म्हणाला, "पाणी बरोबर, प्रेशर बरोबर. घे." माझ्या शेजारचं काहीतरी उठलं, चपला दूर गेल्या, आणि जांभई देत नवरा आत आला. "अरे, तू आज लवकर?"

मी न्हाणीघरात जाऊन टॉवेल बघितला. काळा झाला होता.

६

"आजपासून बंद," सकाळी मी म्हटलं. "तासभर नाही, मिनिटभर नाही. वायरच कापते."

"मी मर्यादेतच खेळतोय," तो म्हणाला. "ठरल्यापेक्षा एक क्षण जास्त नाही. तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

"कुणाच्या जिवावर मर्यादा? तो उरलेला सगळा दिवस तिथे बसतो म्हणून तू तासाने उठतोस. ही मर्यादा नाही, ही अदलाबदल आहे. आणि त्याला माझं घर दिलंयस तू, माझी पोरगी दिलीयेस!"

"मी नाही दिलं. मला ठाऊक नव्हतं ग. मी फक्त 'घे' म्हणायचो. कोण घेतोय ते बघितलं नाही, एवढंच."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. मी दोन्हीही केलं नाही. "आता काय म्हणतो तो?"

नवरा बुटाची नाडी बांधत होता. बांधलेली सोडून पुन्हा बांधली. "काल जागा घेताना म्हणाला, मलाही रोज एकच तास पुरत होता. मीही मर्यादेतच घेत होतो. पण आता..."

"आता काय?"

"दोन मागतोय. त्याचं म्हणणं, त्याला सवय बिवय लागायची नाही."

भटाला दिली ओसरी, आणि भट हातपाय पसरी. सवय लागायची नाही, हे मी स्वतः हजारदा ऐकलं होतं, नवऱ्याच्याच तोंडून. अजून थोडंच, आता शेवटचं, मला सवय नाहीये, मला जमतं. आता तेच आमच्याबद्दल कुणीतरी म्हणत होतं.

"आज बसूच नकोस तू."

"नाही बसलो तर तो सुटत नाही. तिथे अडकून पडणं काय असतं ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे." तो उठला आणि दाराशी जाऊन थांबला. "आजचा दिवस बसतो. त्याच्याशी बोलतो. नीट सांगून सोडवतो."

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आठ वाजून गेले होते आणि नवरा खुर्चीत होता. ओठ हलत होते. "घे," तो म्हणत होता. "अरे, वेळ झाली, घे." स्वयंपाकघरात टिकली खिदळत होती. तिच्याबरोबर आणखी कुणीतरी हसत होतं, माझ्या नवऱ्याचं हसू, तो पूर्वी हसायचा तसं, कितीतरी वर्षांत मी न ऐकलेलं.

माझं डोकं सणकलं. मी वाकून भिंतीतली वायर उपटली.

पडदा काळा झाला. खोलीत एकदम इतकी शांतता पसरली की माझे कान वाजायला लागले. नवऱ्याची बोटं मेलेल्या कळांवर चालतच होती. त्याने हळूच मान वळवली.

"काय केलंस?" तो म्हणाला. "तो बाहेर आहे. मी आत आहे. आता घेणार कोण?"

"ऊठ!" मी त्याचं कोपर धरून ओढलं. गरम होतं, त्याचंच होतं. "ऊठ, मुकाट्याने ऊठ!"

"पाणी बरोबर," तो म्हणाला. घाबरलेल्या लहान मुलासारखा. "प्रेशर..."

"आई," स्वयंपाकघरातून टिकली ओरडली, "बाबा म्हणतोय, वाढ आता. भूक लागलीय."

मी फक्त मान वळवली, हात सोडला नाही. पुन्हा बघितलं तेव्हा माझ्या मुठीत खुर्चीचा हात होता. त्या खोलीला दार एकच आहे आणि दाराच्या वाटेत मी होते. बसायची जागा खाली दबलेली होती आणि मी कितीही वेळ उभी राहिले तरी वर आली नाही.

७

नवरा आता खेळत नाही. दिवसभर स्टोअरमध्ये काम करतो, वेळेवर घरी येतो, कोपरापर्यंत हात धुतो, टिकलीचा अभ्यास घेतो, माझ्या हातातली पिशवी घेतो. मधल्या खोलीकडे ढुंकून बघत नाही. समुपदेशक बाईंनी त्याला पुढच्या बैठकीत इतरांसमोर बोलायला बोलावलंय, संपूर्ण मुक्तीचं उदाहरण म्हणून. माझी बहीण म्हणते, तुला सुख बोचतं.

कदाचित बोचत असेल. मीही म्हणून बघितलं की मी मान वळवली तेवढ्यात तो उठून बाजूने गेला असेल, मी रागात होते, नीट बघितलं नसेल. दिवसचे दिवस मी हे स्वतःला पटवत होते. मग एकदा त्याला म्हटलं, तुला हल्ली कमी ऐकू येतंय, चल, तपासू. तो लगेच तयार झाला. हा कशालाच नाही म्हणत नाही.

बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले, बटण हातात दिलं. काचेबाहेर येऊन मी आवाज सोडला. त्याने बटण दाबलं नाही. मोठा सोडला. मग इतका मोठा, की माणूस खुर्चीतून उडावा. तो शांत बसून माझ्याकडे बघत होता. बहिरा झालाय, मी म्हटलं, आणि मला चक्क हायसं वाटलं. मी हात काढून घेतला. काहीच सोडलं नाही.

त्याने बटण दाबलं.

थोडा वेळ गेला. पुन्हा दाबलं. मी हात मांडीवर ठेवून बसले होते आणि दिवा लागत होता, विझत होता, मधे जरा दम घेऊन पुन्हा लागत होता. तो काचेपलीकडून माझ्याकडे बघून हसला, कामात मदत केल्यासारखा.

दार उघडून मी विचारलं, "काय ऐकू येत होतं तुला?"

"तो हाका मारतोय ते," तो म्हणाला. "तेच ऐकायचं होतं ना?" आणि हेडफोन नीट गुंडाळून माझ्या हातात दिले.

८

तिथून मी तशीच घरी धावले. दुपारची वेळ होती, लख्ख ऊन. टिकली शाळेतून येऊन दप्तर टाकत होती. मधल्या खोलीला मी त्या दिवसापासून कुलूप लावलंय. मी दारावर कान टेकवला आणि एवढी वर्षं दुसऱ्यांना जसं सांगत आले तसं स्वतःला सांगितलं की श्वास सोडू नकोस, आणि नसेल ते ऐकू नकोस.

आधी नुसतं लाकूड. मग फार आतून, खाली अंधारात काहीतरी हलत असल्याच्या आवाजाच्या वरून, माझ्या नवऱ्याचा आवाज. दमलेला. घसा बसलेला.

"पाणी बरोबर. प्रेशर बरोबर. घे." थोडी वाट बघणं. "घे ना. कुणीतरी घ्या रे."

तो होता. माझा होता, चिडणारा, खोटं बोलणारा, पोरीसाठी चौकटीवर आपटणारा. मी दाराला बिलगले. मला फक्त एक शब्द म्हणायचा होता, 'घेतलं'. म्हटला की नवरा सुटून बाहेर येईल, आणि ज्याने म्हटला तो आत बसेल, आभाळ कोसळलं तरी. मग टिकली कुणाबरोबर राहील? बाहेर तो काजळीच्या कोपरांचा. आणि आतून सुटलेला हा, जो चार दिवसांत पुन्हा कुठल्या तरी पडद्यासमोर बसेल. मी शब्द दातांमागे धरून ठेवला. मला रडू येत होतं आणि त्याचा भयंकर राग येत होता, अजूनही, एवढं होऊनही.

"घ्या ना," आतून आलं. "कुणी आहे का?"

बाहेरच्या दरवाजाला किल्ली लागली. चपला काढल्याचा आवाज. न्हाणीघरातला नळ सुरू झाला.

टिकली माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिनेही दाराला कान लावला, माझ्यासारखाच. बराच वेळ ऐकलं. तिचे डोळे भरून आले.

"आई, हा तर आपला बाबा आहे," ती म्हणाली. "आत रडतोय. त्याला काय म्हणायचं असतं ते मला माहितीये."

मी झेप घेऊन तिला धरलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला, होता नव्हता तेवढा जोर लावून. ती धडपडत होती, मला लाथा मारत होती. न्हाणीघरात कुणीतरी हात झटकले. दाराआडचा आवाज थांबला होता, काहीतरी ऐकू येईल म्हणून वाट बघत. माझ्या तळव्याखाली टिकलीचे ओठ हलत होते.